कांगारू, कोआला आणि हर्पीसविषाणू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कांगारू, वॉलबी (कांगारूचा लहान भाऊबंद), कोआला, वॉम्बॅट, टास्मानियन डेव्हिल हे सगळे शिशुधान प्राणी, म्हणजे पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारे. त्यांच्यातल्या हर्पीसविषाणूंबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेलं सापडत नाही. पशुवैद्यकीचे विद्यार्थी, प्राणिसंग्रहालयात काम करणारे आणि ऑस्ट्रेलियात राहून जखमी प्राण्यांना मदत करणारे मराठी लोक यांच्यासाठी हे पान आहे. इथली बहुतेक माहिती ऑस्ट्रेलियातली आहे, कारण या विषयावरचं बहुतेक काम तिथंच झालेलं आहे.

हर्पीसविषाणू म्हणजे नेमके कोणते?

तुमच्या ओळखीचेच. लहानपणच्या कांजिण्या, उतारवयात उठणारी नागीण, तापानंतर ओठाच्या कडेला येणारे पाण्याचे फोड, हे सगळं याच कुळातल्या विषाणूंचं काम. भारतात हत्तींमुळेही हे नाव अलीकडे ऐकू येऊ लागलं आहे. २०१९ मध्ये ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात हत्तीची चार पिल्लं हत्तींच्या हर्पीसविषाणूने दगावली होती.

या कुळाचा एक गुण लक्षात ठेवला की पुढची सगळी उत्तरं समजायला सोपी जातात. हर्पीसविषाणू एकदा शरीरात शिरला की सहसा जन्मभर जात नाही. आजार बरा होतो, विषाणू पेशींत दडून राहतो. प्रतिकारशक्ती खालावली की तो पुन्हा वाढू लागतो आणि नाक, डोळे, लाळ किंवा जननमार्गातून बाहेर पडतो. अशा वेळी प्राणी आजारी दिसेलच असंही नाही.

शिशुधान प्राण्यांत तो पहिल्यांदा कधी सापडला?

१९७० च्या दशकात, ऑस्ट्रेलियात पिंजऱ्यात ठेवलेल्या पार्मा वॉलबींमध्ये. वॉलबी मरू लागल्या, त्यांच्या शरीरात हर्पीससारखा विषाणू मिळाला आणि १९७६ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे त्याला मॅक्रोपॉडिड हर्पीसविषाणू १ असं नाव मिळालं. मॅक्रोपॉडिड म्हणजे कांगारू-वॉलबींचं कुटुंब.

पार्मा वॉलबीची गोष्ट इथं सांगायलाच हवी. हा लहानखुरा, लाजाळू प्राणी न्यू साउथ वेल्सच्या पूर्वेकडच्या दाट जंगलांतला. विसाव्या शतकात तो ऑस्ट्रेलियातून नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. मग १९६५ मध्ये न्यूझीलंडजवळच्या कवाऊ बेटावर त्याचा कळप जिवंत असल्याचं लक्षात आलं. एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडचे गव्हर्नर राहिलेले सर जॉर्ज ग्रे यांनी त्या बेटावर हौसेने वॉलबी आणून सोडल्या होत्या, त्यांचीच ही पिढी. लगेच या प्राण्यांचं पिंजऱ्यात प्रजनन करण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि १९६७ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये गॉसफर्डजवळ जंगलातही ते सापडले. ज्या प्राण्याला वाचवायची एवढी धडपड चालली होती, त्याच्याच पिंजऱ्यातल्या कळपात हा विषाणू जीवघेणा ठरावा, यातून आजही शिकण्यासारखं खूप आहे.

म्हणजे त्याआधी हा विषाणू नव्हता?

होता, आणि बराच पसरलेला होता. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या वेगवेगळ्या शिशुधान प्राण्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडल्याचं प्रसिद्ध झालं. प्रतिपिंडं म्हणजे त्या प्राण्याची या विषाणूशी किंवा त्याच्या जवळच्या भावंडाशी कधीतरी गाठ पडलेली आहे, याचा पुरावा. त्यातले बहुतेक प्राणी ठणठणीत होते.

पुढे यादी वाढत गेली. न्यू गिनीच्या जंगलातल्या डॉरकॉप्सिस वॉलबी पिंजऱ्यात असताना त्यांच्यात दुसरा विषाणू मिळाला. २००८ मध्ये पिंजऱ्यातल्या पूर्वेकडच्या करड्या कांगारूंच्या कळपातून तिसरा आणि २०१३ मध्ये त्याच जातीच्या मोकळ्या फिरणाऱ्या एका कांगारूतून चौथा नोंदवला गेला. प्रत्येक जातीला तिचे स्वतःचे हर्पीसविषाणू असतात, कधी एकाहून जास्त. शोधू तिथं नवा मिळतो.

किती प्राण्यांत हा संसर्ग असतो?

याबद्दलचा मला सर्वांत उपयोगी वाटणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९९ कोआला, ९६ पूर्वेकडचे करडे कांगारू, ५० टास्मानियन डेव्हिल आणि ३३ वॉम्बॅट तपासले गेले. एकूण २७.२ टक्के प्राण्यांत हर्पीसविषाणूचा डीएनए मिळाला. वॉम्बॅटमध्ये हे प्रमाण ४५.४ टक्के होतं. एकाच अभ्यासातून सहा नवे विषाणू हाती लागले.

त्याच अभ्यासातला प्रतिपिंडांचा आकडा आणखी बोलका आहे. करड्या कांगारूंपैकी ज्यांचं रक्त तपासलं त्यांतल्या ९२ टक्क्यांमध्ये मॅक्रोपॉडिड हर्पीसविषाणू १ किंवा २ विरुद्धची प्रतिपिंडं होती. या कांगारूंमध्ये संसर्ग न झालेला प्राणी सापडणंच दुर्मीळ.

डीएनए मिळण्याचं प्रमाण प्रतिपिंडांपेक्षा कमी का, असं कोणी विचारलं तर उत्तर विषाणूच्या दडून बसण्यात आहे. ज्या दिवशी नमुना घेतला त्या दिवशी विषाणू बाहेर पडत असेल तरच तो कापसाच्या काडीवर येतो. म्हणून एका तपासणीत काही मिळालं नाही एवढ्यावरून प्राणी विषाणूमुक्त आहे असं लिहून टाकणं मला धोक्याचं वाटतं.

अल्फा आणि गॅमा हर्पीसविषाणूंत फरक काय?

अल्फा गटातले विषाणू झपाट्याने वाढतात, त्वचेवर आणि तोंडात फोड आणतात आणि मज्जातंतूंच्या पेशींत दडून राहतात. माणसाच्या ओठावरच्या फोडांचा विषाणू याच गटातला. गॅमा गटातले हळू चालतात आणि मुख्यतः पांढऱ्या पेशींत घर करतात. पिंजऱ्यातल्या वॉलबींना मारणारे विषाणू अल्फा गटातले आहेत, तर कोआला, वॉम्बॅट, डेव्हिल यांच्यात सापडलेले प्रामुख्याने गॅमा.

वॉलबींच्या अल्फा विषाणूंबद्दल एक गोष्ट अभ्यासकांनाही चक्रावून गेली. हर्पीसविषाणू आपापल्या यजमानाबरोबर, म्हणजे ज्या प्राण्यात ते राहतात त्याच्याबरोबर, लाखो वर्षं उत्क्रांत होत आलेले असतात, त्यामुळे कांगारूचा विषाणू माणसाच्या विषाणूपासून खूप दूरचा नातेवाईक असायला हवा होता. १९९९ मध्ये जनुकांची तुलना झाली तेव्हा तो माणसाच्या हर्पीस सिम्प्लेक्सच्याच शाखेवर जाऊन बसला. कोआला आणि वॉम्बॅट यांचं मात्र अपेक्षेप्रमाणेच आहे. हे दोघे एकमेकांचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक आणि त्यांचे गॅमा विषाणूही एकमेकांना जवळचे.

आजारी प्राणी कसा दिसतो?

कांगारू-वॉलबींमध्ये डोळे लाल होणं, डोळ्यांतून-नाकातून पाणी किंवा घाण येणं, ताप, श्वासाला त्रास, ओठांवर, तोंडात आणि शेपटीखालच्या मार्गाभोवती फोड किंवा व्रण, चालताना तोल जाणं ही लक्षणं नोंदवली गेली आहेत. कधीकधी काहीच दिसत नाही आणि सकाळी प्राणी मेलेला आढळतो. शवविच्छेदनात यकृतावर पेशी मेल्याचे बारीक ठिपके दिसतात.

यातलं एकही लक्षण फक्त हर्पीसचं नाही. कांगारूंच्या जबड्याला सूज येऊन तोंड बिघडवणारा आजार जिवाणूंचा असतो. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात हजारो कांगारू आंधळे झाले, तो डासांसारख्या बारीक चावऱ्या माश्यांनी पसरवलेला अगदी वेगळा विषाणू होता. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीनेही वॉलबी अचानक मरतात. म्हणून लक्षणं पाहून नाव ठेवू नये, नमुना पाठवावा.

जंगलात निरुपद्रवी असलेला विषाणू पिंजऱ्यात जीव का घेतो?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांब आहे.

पहिलं कारण ताण. पकडणं, जाळं, खोक्यातला प्रवास, नवी जागा, अनोळखी सोबती, थंडी, कुत्र्यांचं भुंकणं. कांगारू-वॉलबी हे शिकार होणारे प्राणी आहेत, घाबरणं त्यांच्या रक्तातच आहे. ताणाच्या संप्रेरकांनी प्रतिकारशक्ती दबते आणि दडलेला विषाणू डोकं वर काढतो.

दुसरं कारण गर्दी. जंगलात विषाणू बाहेर टाकणारा प्राणी आपल्या वाटेने निघून जातो. पिंजऱ्यात सगळे एकाच ताटलीत खातात, एकाच हौदात पितात, एकाच आडोशाला झोपतात. विषाणूचं प्रमाण वाढत जातं.

तिसरं कारण मला सर्वांत गंभीर वाटतं, ते म्हणजे वेगवेगळ्या जाती शेजारीशेजारी ठेवणं. ज्या जातीबरोबर विषाणू पिढ्यान्‌पिढ्या राहत आला, तिच्यात तो सौम्य असतो. जवळच्याच पण वेगळ्या जातीत गेला की तोच उग्र होऊ शकतो. इतर प्राण्यांतली याची उदाहरणं पक्की माहीत आहेत. मेंढीला काहीही न करणारा तिचा एक गॅमा विषाणू गाईगुरांना जीवघेणा दाहक ताप आणतो. मॅकाक माकडांत तोंडातल्या किरकोळ फोडांपलीकडे न जाणारा बी विषाणू माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचला तर माणूस दगावू शकतो. प्राणिसंग्रहालयात 'ऑस्ट्रेलिया विभाग' म्हणून चार जातींच्या वॉलबी एका कुंपणात सोडल्या की पाहणाऱ्याला छान वाटतं, पण तेव्हा आपण विषाणूंना नव्या यजमानांची ओळख करून देत असतो. मी तरी या पद्धतीच्या विरोधात आहे.

वयाचाही वाटा आहे. शिशुधान प्राण्यांची पिल्लं अत्यंत अपुऱ्या वाढीची जन्मतात आणि त्यांचं संरक्षण बराच काळ आईच्या दुधातून मिळणाऱ्या प्रतिपिंडांवर अवलंबून असतं. आई गेलेल्या, बाटलीवर वाढणाऱ्या पिल्लाला हे कवच अर्धवटच मिळालेलं असतं.

कोआलांच्या आजारांत हर्पीसचा हात आहे का?

कोआलांमध्ये गॅमा हर्पीसविषाणू २०११ च्या सुमारास पहिल्यांदा ओळखला गेला, मेलबर्नच्या संशोधकांकडून. लवकरच दुसराही सापडला. आता त्यांना फॅस्कोलार्क्टिड गॅमाहर्पीसविषाणू १ आणि २ म्हणतात.

२०१५ च्या अभ्यासातला सर्वांत ठळक निष्कर्ष कोआलांबद्दल आहे. ज्या कोआलांत क्लॅमिडिया पेकोरम या जिवाणूचा डीएनए होता, त्यांच्यात हर्पीसविषाणूचा डीएनएही असण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त होती. संख्याशास्त्राच्या भाषेत ऑड्स रेशो, म्हणजे दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर, ६०, आणि खरी किंमत साधारण १२ ते २९८ च्या दरम्यान कुठेही असू शकते. पट्टा एवढा रुंद आहे, कारण प्राण्यांची संख्या मर्यादित होती. तरी खालचं टोकसुद्धा १२ आहे, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

क्लॅमिडिया हा कोआलांचा मोठा शत्रू. तो डोळे घालवतो, मूत्रमार्ग सुजवतो, माद्यांना वांझ करतो. शिवाय कोआलांचा स्वतःचा एक रेट्रोविषाणू (आपली जनुकं यजमानाच्या डीएनएत घुसवणारा विषाणू) आहे, तोही प्रतिकारशक्तीशी जोडला जातो. या त्रिकुटात हर्पीसविषाणू क्लॅमिडियाला वाट मोकळी करून देतो, की क्लॅमिडियाने खचलेल्या कोआलात तो जागा होतो, की दोन्ही एकाच मार्गाने पसरतात म्हणून बरोबर दिसतात? एकाच दिवशी घेतलेल्या नमुन्यांवरून हे ठरत नाही. तेच कोआला वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा तपासावे लागतात.

२०१९ मध्ये कोआला आणि वॉम्बॅट यांच्या गॅमा विषाणूंचे पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाले. त्यांत एनटीपीडेझ जातीचं विकर (एन्झाइम) बनवणारं जनुक निघालं, जे तोवर कुठल्याही विषाणूत सापडलेलं नव्हतं. पेशींना इजा झाली की एटीपी नावाचा रेणू बाहेर सांडतो आणि त्यावरून शरीराला धोक्याची वर्दी मिळते. या जातीची विकरं तो रेणू मोडतात. विषाणू ही वर्दी दाबण्यासाठी त्याचा वापर करत असेल का, हा आता तपासण्याचा विषय आहे.

न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलंड आणि कॅनबेरा परिसरातले कोआला २०२२ पासून ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात 'संकटग्रस्त' आहेत. जंगल तुटणं आणि आगी ही त्यामागची मोठी कारणं. पण उपाशी, विस्थापित कोआलाचं शरीर कुठल्याही दडलेल्या विषाणूला सोपं जातं, म्हणून मी हे प्रश्न वेगळे मानत नाही.

टास्मानियन डेव्हिलच्या तोंडावरच्या गाठी हर्पीसमुळे होतात का?

नाही. तो संसर्गजन्य कर्करोग आहे. चावण्यातून कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका डेव्हिलकडून दुसऱ्याकडे जातात. हा आजार १९९६ मध्ये पहिल्यांदा दिसला. डेव्हिलमध्ये गॅमा हर्पीसविषाणूही आढळतात, पण या गाठींचं कारण ते नव्हेत.

लहान शिशुधान प्राण्यांचं काय?

अँटेकायनस हा उंदराएवढा मांसाहारी प्राणी या विषयासाठी विलक्षण आहे. विणीचा हंगाम संपला की त्याचे सगळे नर मरतात. ताणाची संप्रेरकं इतकी चढतात की प्रतिकारशक्ती कोसळते, आतड्यांत रक्तस्राव होतो, परजीवी माजतात. १९८१ मध्ये अँटेकायनस आणि त्याचा भाऊबंद फॅस्कोगेल यांच्या पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीत हर्पीस कुळातल्या विषाणूचा संसर्ग नोंदवला गेला, आणि २०१४ मध्ये अँटेकायनसमधल्या गॅमा विषाणूची जनुकीय ओळख पटली. ताण वाढल्यावर दडलेल्या विषाणूचं काय होतं, हे निसर्गातच पाहायचं असेल तर हा प्राणी अभ्यासायला हवा.

माणसाला हा संसर्ग होतो का?

कांगारू किंवा कोआलाचा हर्पीसविषाणू माणसात आजार करतो असं दिसलेलं नाही. तरी हातमोजे आणि साबण हवेतच, कारण या प्राण्यांकडून इतर आजार येऊ शकतात. उलट्या दिशेचीही काळजी घ्या. माणसाचा हर्पीस सिम्प्लेक्स मार्मोसेट माकडांना मारतो, सशांनाही होतो. ओठावर फोड असताना अनाथ पिल्लाला तोंडाजवळ धरू नका, बाटली आपल्या ओठांना लावून दूध कोमट आहे का ते पाहू नका.

औषध किंवा लस आहे का?

शिशुधान प्राण्यांच्या हर्पीसवर लस नाही. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात कोआलांसाठी मंजूर झालेली लस क्लॅमिडियावरची आहे, दोन्हींची गल्लत करू नका. माणसांतलं हर्पीसवरचं औषध असायक्लोव्हिर पशुवैद्य वापरून पाहतात, पण झपाट्याने चढणाऱ्या आजारात औषधाला वेळच मिळत नाही. कोआलांत आणखी एक अडचण आहे. निलगिरीच्या पानांतली विषं पचवण्यासाठी त्यांचं यकृत इतकं तरबेज झालेलं असतं की काही औषधंही ते झटक्यात संपवतं. दुसऱ्या प्राण्याचा डोस हिशेबाने कमी-जास्त करून देणं म्हणूनच चुकीचं. उबदार जागा, पाणी, शांतता आणि वेगळं ठेवणं, यांनीच बरेचदा जास्त साधतं.

विषाणूवर चरबीचं आवरण असतं, त्यामुळे साबण, ब्लीच आणि ऊन-कोरडेपणा यांपुढे तो फार टिकत नाही. पण आधी शेण-घाण धुऊन काढायची, मग जंतुनाशक. घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं.

ऑस्ट्रेलियात गाडी चालवताना रस्त्याकडेला मेलेली कांगारू दिसली तर?

गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवता आली तरच थांबा. मादी असेल तर पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं. पिल्लू आचळाला चिकटलेलं असेल तर ओढू नका. आचळ त्याच्या तोंडात फुगलेलं असतं, ओढल्याने जबडा आणि तोंड फाटतं. लगेच आपल्या राज्यातल्या वन्यजीव मदतसंस्थेला फोन करा. व्हिक्टोरियात वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया आहे, न्यू साउथ वेल्समध्ये वायर्स. ते सांगतील तसं करा. तोवर पिल्लाला सुती कापडात, अंधारात, उबेत ठेवा. गाईचं दूध देऊ नका. मुलांच्या हातांतून फिरवू नका, कितीही गोजिरं दिसलं तरी.

परवाना घेऊन घरी पिल्लं सांभाळणाऱ्यांना एक कळकळीची विनंती : वेगवेगळ्या जातींची पिल्लं एका पिशवीत, एका बाटलीवर ठेवू नका. दुधाच्या बाटल्या, त्यांची रबरी आचळं, कापडी पिशव्या प्रत्येकाच्या वेगळ्या. नवीन आलेल्याला आधी वेगळ्या खोलीत ठेवा, आणि रोज जुन्या, निरोगी पिल्लांचं करून मगच नव्याकडे जा.

भारतात या विषयाचा काय संबंध?

आपल्या जंगलांत शिशुधान प्राणी नाहीत, पण काही प्राणिसंग्रहालयांत ते आहेत आणि चोरट्या मार्गानेही येतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये उत्तर बंगालमध्ये सिलीगुडी-जलपायगुडी भागात वनखात्याला तस्करांनी सोडलेले कांगारू सापडले. ते हाडांचे सापळे झाले होते, अंगावर जखमा होत्या. असा प्राणी कुठून आला, कोणत्या जातींबरोबर कोंडला गेला होता, हे कोणीच सांगणार नसतं. सोडवून आणलेला कांगारू दयेपोटी थेट कळपात सोडणं ही त्या कळपाच्या दृष्टीने मोठी जोखीम आहे. त्याला वेगळी जागा, वेगळे राखणदार, वेगळी भांडी हवीत आणि नाक-डोळ्यांचे नमुने एकदा घेऊन न थांबता काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा घ्यायला हवेत.

विषाणू असलेला प्राणी पुन्हा जंगलात सोडावा का?

बहुतेकदा हो. त्याच जागच्या जंगलात जिथं हा विषाणू आधीपासून आहे, तिथं सोडताना हर्पीसचा डीएनए सापडला एवढ्यावरून प्राण्याला आयुष्यभर कोंडणं किंवा मारणं मला मान्य नाही. जन्मभराचा संसर्ग जात नाही, मग संसर्ग असणं हाच निकष लावला तर ९२ टक्के करडे कांगारू जंगलात राहायलाच लायक उरणार नाहीत.

नव्या बेटावर किंवा दुसऱ्या राज्यात नेताना मात्र विचार बदलतो. तिथल्या प्राण्यांना तो विषाणू परका असू शकतो. कोणते विषाणू आधीपासून आहेत हे दोन्हीकडच्या प्राण्यांत तपासलं पाहिजे, आणि अंगावर फोड किंवा डोळ्यांना सूज असलेला प्राणी बरा होईपर्यंत हलवू नये.

सांभाळलेला प्राणी मेला तर नमुने कसे ठेवावेत?

पशुवैद्याला लगेच कळवा. शव गोठवू नका, गार ठेवा. गोठवलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फुटलेल्या दिसतात. पशुवैद्य यकृत, फुप्फुस आणि व्रणाच्या कडेचे तुकडे दोन भागांत घेतील. एक फॉर्मलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, ज्यात पेशींच्या केंद्रकात विषाणूच्या खुणा शोधता येतात. दुसरा फॉर्मलिनशिवाय, खोल गोठवून, पीसीआरसाठी (विषाणूचा डीएनए शोधण्याची चाचणी) आणि विषाणू वाढवून पाहण्यासाठी. सगळंच फॉर्मलिनमध्ये टाकलं तर विषाणू वाढवून ओळखण्याची संधी जाते. डबीवर जात, वय, सापडल्याचं ठिकाण आणि तो कोणत्या प्राण्यांच्या सोबत होता, हे पेन्सिलने लिहा. शाई फॉर्मलिनच्या शिंतोड्याने पुसली जाते.